शनिवारचं मटण

नाक चोंदलेलं असताना मी मटणाची चव घेतली आणि "मीठ कमी आहे" असं सांगितलं. काकांनी मीठ घातलं. मी पुन्हा चव घेतली आणि पुन्हा तेच सांगितलं. काकांनी पुन्हा घातलं.

माझ्याकडून घडलं ते एवढंच. एरवी असल्या चुकीवर पाणी ओतलं की भागतं. पण ते मटण ज्या पाहुणीसाठी शिजत होतं, तिच्यासाठी काकांनी स्वतःला नवा शर्ट आणला होता, आणि मी त्यांना ओळखायला लागल्यापासून त्यांनी कोणासाठी रुमालही आणलेला नव्हता. मला काकांकडची खोली सोडावी लागली तीसुद्धा या मटणापायीच. ते ओघात येईलच.

काका म्हणजे माझे घरमालक. मुलुंड पूर्वेला, लिफ्ट नसलेल्या एका इमारतीत त्यांचं दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचं घर होतं. अजून आहे, आणि काकाही आहेत, ठणठणीत. मूळचे मालवणकडचे. नोकरी टेलिफोन खात्यात, ऑपरेटर म्हणून. मूलबाळ नाही. बायको वारलेली. एक खोली स्वतःला ठेवून दुसरी ते भाड्याने देत, आणि भाडेकरू निवडायची त्यांची पद्धत साऱ्या मुंबईत कुठे नसेल अशी होती.

मी तेव्हा खोल्या बघत वणवण फिरत होतो. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न, "नॉनव्हेज खाता?" खरं सांगितलं की चहासुद्धा न विचारता निरोप. म्हणून काकांनी तो प्रश्न विचारल्यावर मी साळसूदपणे म्हणालो, "छे छे, अंडंसुद्धा नाही."

"मग जा," काका म्हणाले.

मी जिन्यावरून परत आलो आणि सांगितलं की खातो, सगळं खातो.

"शनिवारी?"

"शनिवारी काय, एकादशीलाही खातो."

"एकादशीला खा नाहीतर उपाशी रहा. मला शनिवारशी काम आहे. काम काय करतोस?"

"कस्टमर सपोर्ट एक्झिक्युटिव्ह. ऐरोलीला."

"म्हणजे काय करतोस?"

"लोकांचे फोन येतात ते घेतो. मग ज्याचं काम असेल त्याच्याकडे जोडून देतो."

"म्हणजे ऑपरेटर."

"नाही, तसं अगदी..."

"ऑपरेटरच रे मेल्या. लाजतोस कशाला? मी पण तोच."

खोली मिळाली.

काकांचं सगळं आयुष्य ट्रंक कॉलवर बेतलेलं होतं. आजच्या पोरांना सांगायला हवं, की पूर्वी परगावी फोन करायचा तर ऑपरेटरकडे नंबर नोंदवून वाट बघत बसावं लागे. कॉल लागला की तीन मिनिटं मिळायची. ती संपली की ऑपरेटर मधेच यायचा, "तीन मिनिटं झाली, वाढवायचं?" काका निवृत्त झाले, ट्रंक कॉल इतिहासजमा झाले, पण तीन मिनिटं काही काकांना सोडून गेली नाहीत. कोणीही बोलायला लागलं की त्यांचं लक्ष घड्याळाकडे. माझी आई एकदा भेटायला आली आणि माझ्या लग्नाचा विषय काढून बसली. ती स्थळापर्यंत पोहोचते न पोहोचते तोच काका म्हणाले, "तीन मिनिटं झाली. वाढवायचं?" आई आजही त्यांना 'तो तीन मिनिटवाला' म्हणते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी पार्किंगवर बोलायला उभा राहिला तेव्हा काकांनी तोच प्रश्न सभेला विचारला. सभा एकमुखाने "नको" म्हणाली. तेव्हापासून काकांना मीटिंगला पहिल्या रांगेत खुर्ची राखलेली असते.

संडासात जाताना ते "होल्ड करा" म्हणून जात.

आणि मटण. काकांच्या मते जगात मटण दोन प्रकारचं, लोकल कॉल आणि ट्रंक कॉल. कुकरमधलं ते लोकल. "लगेच लागतं, पण त्यात बोलण्यासारखं काही नसतं." ट्रंक कॉलचं मटण शनिवारी दुपारी चढायचं आणि रविवारी दुपारी पानात यायचं. जाड बुडाचा टोप, गॅस अगदी बारीक, वर ताट, ताटात पाणी. रस्सा आटला की ताटातलंच गरम पाणी आत. काका मधूनमधून एका कानावर हात ठेवून दुसरा कान टोपाशी नेत. "लाइन चालू आहे," म्हणत. मी एकदा कान लावला. भाजला.

टोप निवला की तो फ्रीजमध्ये. त्यासाठी फ्रीजचा मधला कप्पा शनिवारी सकाळीच काढून माझ्या पलंगाखाली ठेवलेला असे. दुसऱ्या दिवशी वर लाल तवंग गोठलेला, खाली मसाला हाडापर्यंत उतरलेला. मग तो टोप फक्त गरम करायचा. रविवारी त्याला दुसरं काहीही करायचं नाही, हा नियम. "शिजवलं त्याच दिवशी खाल्लेलं मटण म्हणजे ओळख न होता झालेलं लग्न," असं ते म्हणत.

शनिवारी मटणवाल्याकडे गिऱ्हाईक दोनच असायची, एक आम्ही आणि एक मांजर. अर्धी मुंबई शनिवार पाळते. काकाही पाळत. तीच खरी गोम होती. शनिवार मुळात काकूंचा, मारुतीचा. त्या होत्या तेव्हा त्या पाळायच्या, आणि काका खुशाल टोपात चमचा बुडवून चव घ्यायचे. काकू गेल्या. दागिने पुतणीकडे गेले, साड्या कामवालीकडे गेल्या, आणि शनिवार काकांकडे आला. "एवढं एक तिचं चालू राहू दे," म्हणाले. पण त्यामुळे टोपाशी उभं राहून शिजवायचं आणि जिभेला मात्र लावायचं नाही, अशी पंचाईत झाली. मी म्हटलं, "मग शुक्रवारी करा ना."

"शुक्रवारी करून रविवारी खाल्लं तर शिळं. शनिवारी करून रविवारी खाल्लं तर मुरलेलं. शाळेत गेला नाहीस का तू?"

म्हणून त्यांना शनिवारी खाणारी जीभ घरात हवी होती, आणि ती भाडं देणारी असली तर उत्तमच. ती जीभ म्हणजे मी.

काम सोपं होतं. काका माझ्या तळहातावर थेंबभर रस्सा घालत आणि मी तीनपैकी एकच शब्द बोलायचा. कमी, बरोबर, जास्त. पहिल्या शनिवारी मी डोळे मिटून "अप्रतिम" म्हणालो.

"अप्रतिम म्हणजे मीठ कमी की जास्त?"

"म्हणजे... बरोबर."

"मग बरोबर म्हण. मोठा आलाय अप्रतिमवाला."

मोबदल्यात त्या संध्याकाळी मला एक नळी आणि पाव मिळे. साऱ्या मुलुंडात शनिवारी नळी चोखणारा मी एकटाच, असं मला वाटायचं. ऑफिसात तर मी बोलता बोलता "वीकेंडला टेस्टिंगचं काम असतं" असं सोडून द्यायचो.

एका गुरुवारी काका इस्त्री करत होते. नवा शर्ट. मान वर न करता म्हणाले, "रविवारी रत्नागिरी जेवायला येणार आहे."

"अख्खी?" मी विचारलं.

काकांनी इस्त्री उभी केली आणि सांगितलं. ते मुंबईच्या एक्स्चेंजला होते तेव्हा रत्नागिरीच्या एक्स्चेंजला एक बाई होत्या. कोकणातला कॉल असला की इकडून हे म्हणायचे, "बोल रत्नागिरी," आणि तिकडून त्या, "बोल मुंबई." लाइनवर अहो-जाहो करायला वेळ नसायचा. कितीतरी वर्षं कोकणातली बारशी, बाळंतपणं आणि मयतं या दोघांच्या हातांतून गेली. नावाने हाक मारायची कधी वेळच आली नाही. चेहराही पाहिला नाही. यांचा संसार इकडे, त्यांचा तिकडे. पुढे त्या मुंबईला आल्या, नवरा गेला, निवृत्त झाल्या. आणि मध्यंतरी पेन्शनरांच्या मेळाव्यात चहाच्या रांगेत मागून कोणीतरी म्हणालं, "पुढे सरका, लाइन अडवू नका." काका वळलेसुद्धा नाहीत. नुसते म्हणाले, "बोल रत्नागिरी."

"मग?" मी म्हणालो.

"मग काय. सांताक्रूझला राहते. तिची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय, महिनाअखेर घर खाली करायचंय. भाचा म्हणतो पुण्याला ये. ती जायच्या बेतात आहे."

"आणि तुम्हाला?"

"जाऊ नको म्हणायचंय."

"मग फोन करून म्हणा की."

"जन्मभर फोनवरच बोललो रे. फोनवर माणूस 'बरं' म्हणतो आणि ठेवून देतो. समोर बसवून, जेवू घालून विचारायचंय." इस्त्री पुन्हा शर्टावर फिरू लागली. "आणि तू रविवारी तोंड उघडायचंस ते फक्त जेवायला."

त्याच दिवशी ऑफिसच्या एसीने माझं नाक धरलं. शनिवारी सकाळी काकांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "लाइन क्लिअर?"

"एकदम क्लिअर," मी म्हणालो. कारण सर्दी म्हटलं असतं तर शेजारच्या पोराला बोलावलं असतं आणि माझी नळी त्याला गेली असती. तळहातावर रस्सा आला. मी जीभ लावली. काहीच लागलं नाही. काहीच लागत नाही, त्या अर्थी यात मीठच नाही, असा मी शास्त्रशुद्ध निष्कर्ष काढला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. संध्याकाळची नळी मी खाल्ली. तीही अळणी लागली. पण कोणी विचारलं नाही, म्हणून मी बोललो नाही.

रविवारी सकाळी काकांनी अंघोळ केली, काकूंच्या फोटोला फूल वाहिलं, टोप गॅसवर चढवला. गरम झाल्यावर चमचाभर रस्सा तोंडात घातला. मग तो चमचा ओट्यावर ठेवला, आवाज न करता. एरवी ते भांडी आदळत.

"बघ," म्हणाले.

मी चव घेतली. "बरोबर आहे की."

काका माझ्याकडे बघत राहिले. "नाक शिंकर."

मी शिंकरलं. तो आवाज ऐकल्यावर आणखी काही सांगायची गरज उरली नाही.

"कधीपासून?"

"गुरुवारपासून."

मला वाटलं होतं ओरडतील. ते स्टुलावर बसले. नवा शर्ट दाराला टांगलेला होता, त्याकडे बघत म्हणाले, "हिनेच घातलं."

"कोणी?"

त्यांनी फोटोकडे मान वळवली. "हिला पसंत नाहीय. शनिवारी घरात परक्या बाईसाठी टोप चढवला. बरोबर आहे तिचं."

"नाही हो काका, मी घातलं. म्हणजे तुम्ही घातलं, मी सांगितलं म्हणून."

"गप रव. तिला फोन लावून सांगतो, येऊ नको म्हणून. जाऊ दे पुण्याला."

"आपण हॉटेलातून बिर्याणी मागवू. मालाडला एक झकास..."

"मुलुंडला बसून मालाडची बिर्याणी मागवतोय. जा, बाहेर जा."

मी बाहेर गेलो, पण जाताना त्यांचा मोबाइल घेऊन. त्यात 'रत्नागिरी' याच नावाने नंबर होता. एवढ्या सगळ्यानंतर आणखी एक चूक झाली तर काय वाढतं, असा माझा हिशेब.

"बोल मुंबई," पलीकडून आवाज आला. त्या आवाजाला घाई नव्हती, पण तो कोणासाठी थांबलाही नसता.

"मी काकांचा पेइंग गेस्ट. मटण खारट झालंय. माझ्यामुळे. काका म्हणतायत तुम्ही येऊ नका. मी म्हणतो या, पण जरा लवकर या."

"किती खारट?"

"ते मला नाही सांगता येणार. मला सर्दी आहे."

"मग तुला फोन कोणी दिला? मुंबईला दे."

मी आत जाऊन फोन काकांच्या कानाला लावला. काकांची पाठ आपोआप ताठ झाली. "बोल रत्नागिरी... हो... नाही, फेकलं नाही... आहेत, बटाटे आहेत... अगं पण रविवारी टोपाला हात... नाही, तसं नाही... तीन मिनिटं झाली." आणि त्यांनी सवयीने फोन कापला. मी नुसता बघत राहिलो. तेही फोनकडे बघत राहिले.

"येतेय," म्हणाले. "गॅस बंद ठेव म्हणाली. आणि तुला टोपापासून लांब ठेव म्हणाली."

बाई आल्या त्या रिक्षाने, हातातल्या कापडी पिशवीत दोन नारळ. पांढरे केस कानापर्यंत कापलेले. चप्पल काढता काढता त्यांनी घरभर नजर फिरवली आणि थेट स्वयंपाकघरात गेल्या. बोट बुडवून चाखलं.

"सबंध समुद्र आणलास की रे घरात."

"हा होता चवीला," काकांनी माझ्याकडे बोट केलं.

"ते फोनवर कळलं. टोप खाली घे. अर्धा रस्सा काढून ठेव दुसऱ्या भांड्यात. कांदे काप. तू रे, नारळ खवता येतो?"

"प्रयत्न करतो," मी म्हणालो.

"म्हणजे येत नाही. बटाटे सोल."

काका मात्र जागचे हलले नाहीत. "रविवारी टोपाला हात लावायचा नसतो."

"कोणी सांगितलं?"

"मीच."

"मग आता मी सांगते. लाव."

काकांनी टोपाचे कान धरले, पण उचलेनात. फोटोकडे बघत हळूच म्हणाले, "मला वाटतं हिनेच मीठ पाडलं. तिची इच्छा नसावी."

मला वाटलं आता बाई रागावणार, नाहीतर पिशवी उचलून चालू लागणार. त्यांनी पदराला हात पुसले आणि फोटोसमोर जाऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघितलं, एखाद्या नव्या शेजारणीकडे बघावं तसं.

"शनिवार कोणाचा रे? तुझा की हिचा?"

"हिचाच. मी पुढे चालवतोय."

"कडक पाळायची?"

"कडक. शनिवारी मटणाच्या पिशवीला पण शिवायची नाही."

"मग शनिवारी ती तुझ्या टोपाजवळ कशाला येईल?"

 काकांचा चेहरा मला अजून आठवतो. कितीतरी वेळ आवाज नसलेल्या लाइनवर अचानक कोणीतरी "हॅलो" म्हणावं, तसा. मग त्यांनी टोप उचलला.

पुढचा तासभर त्या स्वयंपाकघरात मी कधी पाहिली नव्हती अशी कामं झाली. कांदा-खोबरं भाजून बिनमिठाचं वाटण झालं, बटाटे पडले, नारळाचं दूध पडलं. काका ढवळत होते, बाई "हळू" म्हणत होत्या. काका म्हणाले "आता लाइन लागतेय", तर बाई म्हणाल्या "कान जाळून घेशील". माझे बटाटे सोलून सुपारीएवढे उरले, हे दोघांनाही एकदमच दिसलं आणि दोघं एकदमच हसले. वडे तळले तेही अळणी, रश्श्यात बुडवून खायचे म्हणून. काकांनी नवा शर्ट घातला तेव्हा हाताला हळद होती, ती बाहीला लागली.

मटण कसं झालं ते मी कोणत्या तोंडाने सांगू? वाफेने माझं नाक जरा मोकळं झालं होतं, तेव्हा थोडं कळलं. ते ना शनिवारचं होतं ना रविवारचं. पण बाईंनी दोनदा घेतलं आणि काकांनी तीनदा. नळी बाईंना गेली. त्या दिवशी त्याबद्दल मी काही बोलण्यासारख्या परिस्थितीत नव्हतो.

जेवण झालं. हात सुकले तरी कोणी उठेना. बाई पुण्याच्या भाच्याबद्दल सांगू लागल्या. त्याचं घर मोठं आहे, सून चांगली आहे, खिडकीतून टेकडी दिसते, सामानाचा टेम्पो ठरवायचाय. काका ऐकत होते. विचारायचं ते विचारत नव्हते. मी पायाने त्यांना ढोसलं. तो टेबलाचाच पाय निघाला. काकांनी एकदा टोपाकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे, आणि तोंडातून निघून गेलं ते तेच.

"तीन मिनिटं झाली."

मी कपाळावर हात मारला. बाई बोलायच्या थांबल्या. नळी ताटाच्या कडेला ठेवली.

"मग वाढव की," म्हणाल्या.

काकांना हे कोणी कधी म्हणालं नसावं. 

"पुण्याला जाऊ नकोस," म्हणाले. "इथे रहा. लग्न करू म्हणशील तर करू, नको म्हणशील तर नको. शनिवार मी पाळणार, तेवढं सांगून ठेवतो."

"पाळ की. चवीला मी आहे," बाई म्हणाल्या. मग त्यांनी मान वळवून घर पुन्हा एकदा पाहिलं. "पण इथे म्हणजे कुठे? माझी दोन कपाटं आहेत. खोल्या तर दोनच दिसतायत."

"दोनच आहेत," काका म्हणाले. "एकीत हा असतो."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच नीट पाहिलं. मी नाकाला लावलेला रुमाल खाली घेतला आणि जमेल तितकं गोड हसलो.

"मग ह्याला काढ," त्या म्हणाल्या. "मीठसुद्धा कळत नाही, त्याला खोली कशाला हवी?"